काचेआडचं ऊन

ल कॉर्ब्युझिएने चंदीगडची आखणी केली तेव्हा ऊन, मोकळी जागा आणि झाडी या तीन गोष्टी त्याने पायाभूत मानल्या होत्या. तिथल्या सचिवालयाच्या दर्शनी भागावर काँक्रीटचे खोल कप्पे दिसतात. उन्हाळ्यातलं ऊन अडवायचं आणि हिवाळ्यातलं आत घ्यायचं, हा त्यामागचा हिशेब. याच शहराच्या पूर्वेच्या कडेला, किशनगड आणि मनीमाजऱ्याच्या बाजूला, आयटी पार्क आहे. कागदोपत्री नाव राजीव गांधी चंदीगड टेक्नॉलॉजी पार्क, उद्घाटन २००५ चं. इन्फोसिस, टेक महिंद्र अशा नावांच्या पाट्या तिथे दिसतात, आणि आयटी पार्क म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतात तशा काचेच्या इमारतीही. पुण्या-नाशिकाकडून बदली होऊन आलेली मराठी माणसं अशा ठिकाणी भेटतातच. आत उजेड भरपूर असतो. त्या उजेडात दिवसाचे नऊ-दहा तास काढणाऱ्या, पंचेचाळीस ते पंचावन्न वयाच्या बायकांच्या हाडांबद्दल मला लिहायचं आहे.

हाडांबद्दलच का? गरम वाफा, घाम, चिडचिड, उडालेली झोप यांचा निदान गाजावाजा होतो. हाडं मात्र ओरडत नाहीत. पाळी जाण्याच्या आगेमागे त्यांची झीज सगळ्यांत वेगाने होते, आणि आपल्याकडे ती वर्षं म्हातारपणाची नसून ऐन नोकरीची असतात. युरोप-अमेरिकेत बाईची पाळी सरासरी एक्कावन्नाव्या वर्षाच्या सुमारास जाते, भारतात शेहेचाळीस-सत्तेचाळीसला. म्हणजे चार-पाच वर्षं आधी. त्या वयात बाई टीम सांभाळत असते, मुलगा बारावीत असतो आणि सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं असतं. पाळी गेली हेसुद्धा तिला कधीकधी उशिरा लक्षात येतं, कारण वैद्यकाच्या व्याख्येनुसार सलग बारा महिने पाळी आली नाही की मगच ती गेली असं म्हणायचं.

हाड ही जिवंत वस्तू आहे. आयुष्यभर एका प्रकारच्या पेशी जुनं हाड पोखरत असतात आणि दुसऱ्या प्रकारच्या पेशी त्या जागी नवं भरत असतात. पोखरणाऱ्यांवर लगाम असतो तो इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा. बीजांडकोश थकले, इस्ट्रोजेन आटलं, की तो लगाम सुटतो. पोखरणं वाढतं आणि भरणाऱ्या पेशींना तो वेग गाठता येत नाही. ‘स्वॉन’ नावाच्या अमेरिकी अभ्यासाने हजारो बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यात दिसलं की ही घाईची झीज शेवटच्या पाळीच्या साधारण एक वर्ष आधीच सुरू होते, तीनेक वर्षं जोरात चालते आणि मग मंदावते. मंदावते, थांबत नाही. या काळात मणक्यांच्या हाडांची घनता वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास घटते.

मणकेच आधी का? हाडाचा एक भाग टणक, भरीव असतो आणि दुसरा आतून अनारशाच्या जाळीसारखा. मणके, मनगट आणि खुबा इथे जाळीचा भाग जास्त. जाळीला पृष्ठभाग जास्त, म्हणून पोखरणाऱ्या पेशींना तिथे जागाही जास्त. एकदा जाळीचा धागा तुटला की तो पुन्हा जोडला जात नाही. उरलेले धागे जाड करता येतात, इतकंच. म्हणून आधी मनगट मोडतं, मग पाठीला पोक येतं आणि शेवटी खुबा. हरियाणातल्या रोहतक जिल्ह्यात २००९ साली खुबा मोडण्याच्या घटनांची मोजदाद झाली. पन्नाशीपुढच्या दर लाख बायकांमागे वर्षाला १५९ जणींचा खुबा मोडत होता, पुरुषांत हाच आकडा १०५. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे खुबा मोडण्याचं वय सुमारे दहा वर्षं अलीकडे आहे.

चंदीगडपुरतं बोलायचं तर सेक्टर १२ मधल्या पीजीआयने, म्हणजे पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेने, या विषयावर बरंच काम केलं आहे. पाळी जाण्याच्या बेतात असलेल्या आणि गेलेल्या २०० बायकांचा त्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्याहून जास्त जणींची हाडं अपेक्षेपेक्षा विरळ निघाली. पुढे याच संस्थेच्या अंतःस्रावशास्त्र विभागाने शहरातल्या निरोगी माणसांना घेऊन ‘चंदीगड अर्बन बोन एपिडेमिऑलॉजिकल स्टडी’ केला. वर्षानुवर्षं भारतीय बाईचं हाड गोऱ्या बाईच्या मापाने मोजलं जात होतं, त्यामुळे इथल्या माणसांची मापं इथेच घेणं महत्त्वाचं होतं. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा यंत्रातून निघणारा टी-स्कोअर म्हणजे तुमची घनता तरुण, निरोगी बाईच्या सरासरीपासून किती खाली आहे त्याचा आकडा. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, ही जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली घातलेली रेघ. पण ती तरुण बाई कुठली? यंत्राच्या पोटात असते ती बहुतेक वेळा अमेरिकी गोरी. आपल्या बायकांची चण मुळात लहान. पुण्यात झालेल्या एका अभ्यासातही दिसलं की माप बदललं की रुग्णांची संख्या बदलते. रिपोर्ट हातात आल्या आल्या घाबरून जाऊ नये याचं हे एक कारण. दुसरं टोकही सांगायला हवं. हाड विरळ असेल तर ते कुणाच्याही मापाने विरळच असतं, आणि पडल्यावर मोडतं.

आता उन्हाकडे. ड जीवनसत्त्वाशिवाय आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, आणि हे जीवनसत्त्व कातडीतच तयार होतं. त्यासाठी लागतात सूर्याच्या अतिनील किरणांपैकी २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या लहरी. खिडकीची साधी काच त्या जवळपास पूर्ण अडवते. उष्णता आत येते, उजेड येतो, कातडी काळवंडवणाऱ्या थोड्या लांब लहरीही येतात, पण उपयोगाच्या त्या नेमक्या बाहेर राहतात. काचेशेजारचं टेबल मिळालं म्हणून आनंद मानणाऱ्या बाईला टॅन होण्याची पूर्ण सोय आहे, ड जीवनसत्त्वाची अजिबात नाही. गाडीची काच वर करून ऊन खाण्याचीही तीच गत.

त्यात चंदीगड पडलं ३०.७ अक्षांशावर, पुणे साडेअठरावर. फरक समजायला यंत्र नको, सावली पुरते. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तेव्हा सूर्य खाली असतो, किरणांना हवेच्या जाड थरातून यावं लागतं आणि कामाच्या लहरी वाटेतच गळतात. डिसेंबरच्या शेवटी पुण्यात भर माध्यान्ही सावली उंचीपेक्षा किंचित आखूड असते. चंदीगडात त्याच दिवशी माध्यान्ही ती उंचीच्या जवळजवळ १.४ पट. तिथे नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीची सावलीसुद्धा माणसापेक्षा लांबच राहते. वर धुकं, धूर आणि स्वेटर. पंजाबी घरांतून हिवाळ्यात गच्चीवर खाट टाकून मटार सोलत ऊन खाण्याची रीत आहे. छानच आहे ती, मनाला आणि सांध्यांना नक्की बरं वाटतं. पण डिसेंबरातल्या त्या उन्हातून ड जीवनसत्त्व फारसं पदरात पडत नाही. मार्च ते ऑक्टोबरात ते मिळवता येतं, आणि तेव्हा उकाड्यामुळे कुणी बाहेर पडत नाही. सावळ्या कातडीला वेळही जास्त लागतो. पुण्यातल्या पुरुषांवर झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की पातळी जेमतेम पुरेशी राखायलाही दुपारच्या उन्हात रोज तासभर तरी वावरावं लागतं. ‘सकाळचं कोवळं ऊन दहा मिनिटं’ हा सल्ला इतका रुळला आहे की तो मोडून काढायला जीव होत नाही, पण हाडांच्या हिशेबात त्याचं वजन कमी आहे.

मग उरतं औषधाच्या दुकानातलं ड जीवनसत्त्वाचं साठ हजार युनिटांचं पाकीट. दुधात कालवून घ्यायची ही पूड एव्हाना घरोघरी पोचली आहे. कमतरता असेल तर डॉक्टर ती साधारण आठवड्याला एक अशी आठेक आठवडे देतात आणि पुढे महिन्याला एक. लोक मात्र ‘बरं वाटतंय’ म्हणून आठवड्याचं पाकीट वर्षभर चालू ठेवतात. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही. अति झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडांना इजा होते. उत्तर भारतातल्या रुग्णालयांनी असे रुग्ण नोंदवले आहेत. ज्यांना कमतरता नाही त्यांना वरून देऊन फायदाही दिसलेला नाही. अमेरिकेत पंचवीस हजारांवर माणसांच्या ‘व्हायटल’ चाचणीत रोज २००० युनिट घेणाऱ्यांची हाडं न घेणाऱ्यांइतकीच मोडली. तो निकाल २०२२ चा. तेव्हा रक्ताची चाचणी आधी, पाकीट मग.

दुधाबद्दल थोडक्यात. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२० च्या शिफारशीनुसार पाळी गेलेल्या बाईला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, इतर प्रौढांपेक्षा २०० जास्त. अर्धा लिटर दूध-दह्यातून सहाशेच्या आसपास मिळतं, नाचणीच्या एका जाड भाकरीतून पावणेदोनशे-दोनशे, तिळाच्या एका लाडवातून शंभरभर. पंजाबात दूध-लस्सी मुबलक, सरसोंच्या पानांत ऑक्झलेट कमी म्हणून त्यांतलं कॅल्शियम अंगी लागतं. पालकात कॅल्शियम दिसायला भरपूर, पण ऑक्झलेट ते धरून ठेवतं. पालक-पनीर खाताना भरवसा पनीरवर ठेवावा. गोळ्या घ्यायच्याच तर एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर नको, आणि सकाळच्या थायरॉइडच्या गोळीशी चार तासांचं अंतर हवं. एका मुठीत सगळ्या गोळ्या घेण्याची सवय असते बऱ्याच जणींना, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

तिसरा नेहमीचा सल्ला चालण्याचा. सुखना तलावाच्या काठी सकाळी फिरणाऱ्यांची वर्दळ असते आणि तलाव आयटी पार्कपासून लांबही नाही. हृदयाला, साखरेला, मूडला चालणं उत्तमच. हाडाला मात्र ओळखीचा भार पुरत नाही. रोजच्या चालीची त्याला सवय झालेली असते. नव्याने भरायला लावायचं तर भार वाढवावा लागतो, थोडा धक्का द्यावा लागतो. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाने अठ्ठावन्नपुढच्या, हाडं विरळ झालेल्या बायकांना चक्क जड वजनं उचलायला लावली. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षकाच्या नजरेखाली. आठ महिन्यांनी त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली, घरी हलके व्यायाम करणाऱ्या गटाची १.२ टक्क्यांनी घटली. ‘या वयात काय वजनं उचलायची’ असं म्हणणाऱ्या घरच्यांना हा आकडा ऐकवावा. स्वतःच्या मनाने उद्या पन्नास किलो उचलायला जाऊ नये हेही खरं. पाठीत आधीच चीर गेलेली असेल तर पुढे वाकण्याचे व्यायामच धोक्याचे. ऑफिसातला जिना, खुर्चीवरून हात न टेकता उठणं, डंबेल्स शिकवणारी एखादी जाणकार बाई, इथून सुरुवात होऊ शकते.

रात्रपाळीचा मुद्दा आयटी पार्कमध्ये टाळता येत नाही. अमेरिकेच्या वेळेला धरून चालणारी कामं तिथे आहेतच. अमेरिकी परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात वीस वर्षांहून जास्त काळ रात्रपाळी केलेल्यांत मनगट आणि खुबा मोडण्याचं प्रमाण जास्त आढळलं. परिचारिकेचं आयुष्य वेगळं आणि संगणकापुढच्या बाईचं वेगळं, त्यामुळे यातून थेट निष्कर्ष काढू नये. पण दिवसभर झोपणाऱ्या बाईला ऊन कुठून मिळणार, एवढं तर कळतं.

गरम वाफांचं काय? मेंदूतल्या तापमान राखणाऱ्या केंद्राला इस्ट्रोजेन आटल्यावर खोटा निरोप जातो की अंग तापलंय, आणि शरीर घाम फोडतं. एसीत बसलेली बाई मीटिंगमध्ये दरदरून घामेजते आणि शेजारची शाल ओढून घेत विचारते, तुला बरं नाही का? यावर सगळ्यांत परिणामकारक उपाय म्हणजे संप्रेरकंच, आणि त्यांनी हाडही राखलं जातं. तरी त्यांचं नाव काढलं की बायका आणि पुष्कळ डॉक्टरही कचरतात. ही भीती आली २००२ साली. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकी चाचणीत संप्रेरकं घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या आणि पक्षाघात यांचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं आणि चाचणीचा तो भाग मध्येच थांबवला गेला. त्याच चाचणीत खुबा मोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं होतं, ते फारसं कुणी छापलं नाही. शिवाय भाग घेणाऱ्यांचं सरासरी वय होतं त्रेसष्ट. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं तर हिशेब वेगळा पडतो, हे पुढच्या विश्लेषणांतून पुढे आलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरचा ठळक काळ्या चौकटीतला इशारा काढण्याचा निर्णय जाहीर केला. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, गुठळ्यांचा इतिहास असेल, तर ही वाट बंदच. बाकीच्यांनी डॉक्टरांशी निवांत बोलावं; नुसत्या ऐकीव भीतीवर नकार देण्याचे दिवस गेले, असं माझं मत आहे.

इथे आयटी पार्कपासून फार दूरच्या बायकांची आठवण काढणं भाग आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांना उन्हाची कमी नाही, भार उचलण्याचीही नाही. २०१९ मध्ये त्यांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, आणि त्यांत पस्तिशीच्या आसपासच्या पुष्कळ होत्या. पाळी आली की खाडा, खाड्याचा दंड, अंगावर जाणं, आणि दवाखान्यात मिळालेला एकच इलाज. पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले तर पाळी त्या दिवशी जाते, हाडांची घाईची झीज त्याच आठवड्यात सुरू होते. ते ठेवले तरी रजोनिवृत्ती काही वर्षं अलीकडे येते. अशी बाई पन्नाशीला पोचते तेव्हा तिच्या हाडांचं वय पासष्टीचं झालेलं असू शकतं. अनावश्यक शस्त्रक्रियांविरुद्धच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं. पण पिशवी आधीच गेलेल्या हजारो जणींची हाडं कुणी तपासायची, हा प्रश्न तसाच आहे. काचेतल्या बाईकडे निदान विमा असतो.

जाता जाता एक गोष्ट, हाडांशी संबंध नसला तरी. पाळी जाऊन वर्ष झालं आणि नंतर कधीही, डागापुरतंसुद्धा, रक्त दिसलं तर ‘पाळी परत आली’ म्हणून गप्प बसू नये. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग याच वाटेने लवकर सापडतो.

डेक्सा कुणी करायची? पासष्टीनंतर प्रत्येकीने, आणि त्याआधी ज्यांची पाळी पंचेचाळिशीच्या आत गेली, ज्या फार कृश आहेत, ज्यांनी महिनोन् महिने स्टेरॉइड घेतले, किंवा किरकोळ पडण्याने ज्यांचं हाड मोडलं त्यांनी. ब्रिटनच्या शेफील्ड विद्यापीठाने २००८ मध्ये ‘फ्रॅक्स’ नावाची प्रश्नावली तयार केली. पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता ती काढून देते. तिच्यात एक प्रश्न असतो, आई किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का? चंदीगडात बसलेल्या लेकीने त्यासाठी गावी फोन करावा, आणि आणखी एक विचारून घ्यावं: “आई, तुझी पाळी कितव्या वर्षी गेली गं?” लेकीचं वय पुष्कळदा आईच्या वयाजवळ जातं. बऱ्याच घरांत हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नसतो. आईची उंची तरुणपणापेक्षा तीन-चार सेंटिमीटरने कमी झाली असेल तर तिच्या पाठीचा एक्स-रे काढून घ्यावा. मणक्यांतल्या साधारण दोन-तृतीयांश चिरा ‘वयाप्रमाणे कंबर दुखतेय’ या समजुतीखाली कुणाच्या लक्षातच येत नाहीत, आणि एक मणका खचला की दुसरा खचण्याचा धोका पुढच्याच वर्षात सगळ्यांत जास्त असतो. अशा वेळी हाडांची झीज रोखणारी आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदा शिरेतून देण्याचं औषध उपलब्ध आहे. गोळी घ्यायची ती उठल्याउठल्या, चहाच्याही आधी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.